सुपरचार्जर असलेल्या गाडीचं कूलंट घरी बदलणं : फ्लश, भरणं आणि इंटरकूलरमधली हवा

तापीकाठ (जळगाव)

राम राम मंडळी.

माझ्याकडे ऑडी क्यू७ आहे, ३.० टीएफएसआय पेट्रोल, सेकंडहँड घेतलेली. नावात 'टी' असला तरी या इंजिनाला टर्बो नाही. व्ही६ च्या मधल्या खोबणीत बेल्टवर फिरणारा, इंजिनात हवा दाबून भरणारा ईटनचा सुपरचार्जर आहे आणि त्याच्याच घरात ती तापलेली हवा थंड करणारे दोन इंटरकूलर बसवलेले आहेत. ते हवेने नाही, कूलंटने थंड होतात. म्हणजे गाडीत कूलंटचे दोन फेरे आहेत. एक इंजिनाचा, नेहमीचा. दुसरा इंटरकूलरचा, त्याला वेगळा इलेक्ट्रिक पंप आणि पुढे वेगळा छोटा रेडिएटर. दोघांची टाकी मात्र एकच.

अडचण अशी. डॅशबोर्डवरची सुई कायम ९० वर. गाडी कधी गरम झाली नाही, लाल दिवा लागला नाही. पण चाळीसगावहून कन्नड घाट चढताना पहिल्या वळणांना जी ओढ असते ती वर पोचेपर्यंत उरत नाही. ओबीडीचं डोंगल (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं) लावून पाहिलं तर इंजिनाचं पाणी ठीक, पण इनटेक हवेचं तापमान ८० च्या वर जातं आणि घाट संपल्यावरही लवकर खाली येत नाही. टाकीतलं कूलंट जांभळट-गुलाबी असायला हवं, ते फिकट तपकिरी दिसतंय. आधीच्या मालकाने काय टाकलं ते कुणालाच माहीत नाही.

मार्च उजाडलाय. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे काय होतं ते सांगायला नको. या कामासाठी नाशिक किंवा संभाजीनगर गाठण्यापेक्षा घरच्या शेडमध्ये स्वतः नीट करावं असा विचार आहे. हत्यारं आहेत, कॉम्प्रेसर आहे, वेळ आहे. कुणी दोन फेऱ्यांच्या गाडीचं हे काम केलं असेल तर सविस्तर लिहा. विशेषतः पाणी कुठलं वापरायचं, कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट) किती आणि इंटरकूलरच्या फेऱ्यातली हवा कशी काढायची.

गिरणाकाठ (चाळीसगाव)

भो, कन्नडना घाट आमना दारमाच शे. उन्हाळ्यात बोनेट उघडून उभ्या राहिलेल्या गाड्या रोज दिसतात.

फ्लश करायच्या, म्हणजे आतून धुवायच्या आधी एक गोष्ट बघा. टाकीतली पातळी हळूहळू कमी होते का? गाडी रात्रभर थंड झाल्यावर सकाळी टाकीवर खूण करा आणि आठवडाभर बघा. गळती असेल तर नवं कूलंट टाकून पैसे वाया जातील.

जुना_चालक (अमळनेर)

मी आयुष्यभर ट्रक आणि जीप चालवल्या. एक सांगतो, राग मानू नका. कूलंट हे थंड मुलखाचं औषध आहे, पाणी गोठू नये म्हणून. खान्देशात कुठे बर्फ पडतो? चांगलं स्वच्छ पाणी टाका, रेडिएटर साफ ठेवा, गाडी चालत राहील. पाण्याइतकी उष्णता दुसरं काहीच ओढून नेत नाही.

डिझेलशेड (भुसावळ)

काका, तुमचं शेवटचं वाक्य शंभर टक्के खरं आहे. निव्वळ पाणी कूलंट आणि पाण्याच्या ५०-५० मिश्रणापेक्षा जास्त उष्णता वाहून नेतं. पण बाकीच्याबद्दल आदराने वेगळं सांगतो.

मी इटारसीच्या डिझेल शेडमध्ये नोकरी केली. रेल्वेची डिझेल इंजिनं पाण्यावरच थंड होतात, त्यात ग्लायकॉल (कूलंटमधला मुख्य द्रव) नसतं. पण ते पाणी नळाचं किंवा विहिरीचं कधीच नसतं. क्षार काढलेलं पाणी घ्यायचं, त्यात गंजरोधक रसायन मोजून घालायचं आणि त्याचं प्रमाण शेडमध्ये तपासत राहायचं. म्हणजे जिथे पाणी वापरतात तिथेही साधं पाणी वापरत नाहीत.

मोटारगाडीत कूलंट तीन कामं करतं. गोठू देत नाही, हे आपल्याला नको. उकळू देत नाही, हे आपल्याला फार हवं. साधं पाणी १०० ला उकळतं, निम्मं ग्लायकॉल असलेलं मिश्रण साधारण १०८ ला. वर टाकीच्या झाकणाने १.४ ते १.६ बार दाब धरला की उत्कलनबिंदू १३० च्या पुढे जातो. आणि तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे ॲल्युमिनियमचा गंज रोखणं. जुन्या जीपचा ब्लॉक बिडाचा आणि रेडिएटर पितळ-तांब्याचा होता, ते खूप सोसत. या ऑडीत ब्लॉक, हेड, रेडिएटर, इंटरकूलर, सगळं ॲल्युमिनियम. इंटरकूलरच्या आतल्या वाटा बोटाच्या नखापेक्षाही अरुंद. त्यात आपल्या बोअरचं पाणी गेलं की क्षार बसणारच. घरातल्या गिझरची कॉइल बाहेर काढून बघा, यावल-रावेरकडे तर ती पांढरी दगडी झालेली असते.

कंपनीच्या मॅन्युअलमध्येही स्पष्ट असतं की उष्ण देशातसुद्धा कॉन्सन्ट्रेटचं प्रमाण ४० टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नका. आणि ६० च्या वरही नको, कारण मग उष्णता वाहणं कमी होतं. आपल्याकडे ४० ते ५० च्या मध्ये ठेवावं.

तापीकाठ (जळगाव)

डिझेलशेड दादा, मनापासून आभार. गिरणाकाठ, पातळी बघितली. आठवडाभरात खूण हलली नाही. दादा, आता पुढची कृती लिहाल का?

डिझेलशेड (भुसावळ)

लिहितो, पण आधी हे का करायचं ते नीट समजून घ्या, नाहीतर मधे कंटाळून पायऱ्या गाळल्या जातात.

सुपरचार्जर हवा दाबतो आणि दाबलेली हवा तापते. साधं गणित आहे. बाहेर ४५ अंश, बूस्ट, म्हणजे सुपरचार्जरने वाढवलेला दाब, ०.८ बार. आदर्श यंत्र धरलं तरी हवा १०० च्या वर जाते. खरं यंत्र आदर्श नसतं, म्हणून प्रत्यक्षात १२०-१३० धरा. ही हवा तशीच सिलिंडरमध्ये गेली तर पेट्रोल वेळेआधी पेटेल. ते होऊ नये म्हणून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, इग्निशन मागे खेचतो (ठिणगी उशिरा टाकतो) आणि ताकद कमी करतो. तुमच्या घाटात हेच होतंय. आणि ही गोष्ट डॅशबोर्डची सुई कधीच दाखवणार नाही, कारण ती इंजिनाच्या फेऱ्याची आहे. वर या गाड्यांमध्ये सुई मुद्दाम स्थिर ठेवलेली असते. पाणी ८० चं १०० झालं तरी ती ९० वरच राहते.

म्हणून माझा पहिला संशय इंटरकूलरच्या फेऱ्यात अडकलेल्या हवेवर. तो छोटा इलेक्ट्रिक पंप इंजिनाच्या पंपासारखा दमदार नाही. हवेचा बुडबुडा मधे आला की तो जागेवर फिरत राहतो आणि कूलंट पुढे जात नाही. सुपरचार्जर इंजिनाच्या सगळ्यात वरच्या भागात, त्यामुळे हवा नेमकी तिथेच जमते. आधी कुणी फक्त टाकीतून पाणी ओतून झाकण लावलं असेल तर हा भाग अर्धा रिकामाच राहिला असणार.

आता काम.

गाडी पूर्ण थंड हवी. रात्री लावून सकाळी सुरू करा. गरम असताना टाकीचं झाकण उघडलं तर दाबातलं कूलंट एका क्षणात उकळून तोंडावर येतं. ही भाजणूक वाईट असते. एअर सस्पेन्शन असेल तर एमएमआयमधून (डॅशबोर्डवरच्या स्क्रीनवरून) जॅक मोड लावा, नाहीतर गाडी उचलल्यावर ती स्वतःच उंची बदलायला बघते. पुढची बाजू उचलून घोड्यांवर (जॅक स्टँडवर) ठेवा, नुसत्या जॅकवर खाली शिरू नका. समोर चढ राहिला तर हवेला टाकीकडे यायला सोपं जातं. आणि इग्निशन बंद असलं तरी रेडिएटरचा पंखा फिरू शकतो, हात जपा.

खालचं प्लॅस्टिकचं आवरण काढा. मोठी टोपली किंवा घमेलं ठेवा, त्यात मावेल एवढंच सोडा. टाकीचं झाकण उघडा आणि मुख्य रेडिएटरचा खालचा होज सोडवा. काही जोडांना स्प्रिंगचा क्लिप असतो, काहींना तारेची खीळ. ती खीळ वर ओढायची आणि होज सरळ मागे खेचायचा. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका. रेडिएटरचं तोंड प्लॅस्टिकचं असतं आणि इतक्या वर्षांच्या उष्णतेने ते ठिसूळ होतं. तिथली ओ-रिंग काढून बघा, चपटी झाली असेल तर नवी टाका.

इथे लोक चुकतात. मुख्य रेडिएटर रिकामा झाला म्हणजे दुसरा फेरा रिकामा झाला असं नाही. त्याचा छोटा रेडिएटर आणि पंपाचा होज वेगळा सोडवावा लागतो. सुपरचार्जरवर दोन्ही बाजूंना हवा काढायचे स्क्रू आहेत, ते थोडे सैल केले की वरून हवा आत जाते आणि खालून कूलंट पूर्ण उतरतं. या वेळी बेल्टवर प्लॅस्टिकची पिशवी पसरून ठेवा. बेल्ट कूलंटने ओला झाला तर घसरतो, आणि या गाडीत बेल्ट घसरला म्हणजे सुपरचार्जर घसरला. सांडलंच तर साध्या पाण्याने धुऊन वाळू द्या.

निघालेलं कूलंट नीट बघा. गंजाची माती, पांढरे क्षाराचे पापुद्रे, की तेलाचा तवंग? तेल दिसलं तर फ्लश थांबवा, ती वेगळी गोष्ट आहे.

फ्लशसाठी ॲसिडचं रसायन वापरू नका. क्षार निघतात, पण ॲल्युमिनियमही खाल्लं जातं आणि राहिलेलं ॲसिड नव्या कूलंटचे गंजरोधक संपवतं. डिस्टिल्ड पाण्यानेच धुवा. बॅटरीच्या दुकानात कॅन मिळतो. पहिल्या एक-दोन धुण्याला घरच्या आरओचं पाणी चालेल, शेवटचं आणि भरायचं डिस्टिल्डच. नळाला होज लावून दाबाने पाणी मारू नका, हीटरच्या आतल्या जाळ्या एवढा दाब सोसायला बनवलेल्या नसतात.

पाणी भरून होज जोडा, एसी बंद, तापमान 'हाय' वर, पुढचं आणि मागचंही. क्यू७ ला मागे वेगळा हीटर असेल तर तोही उघडा राहायला हवा, नाहीतर जुनं कूलंट तिथेच लपून राहील. इंजिन चालू करून २००० आरपीएमच्या आसपास ठेवा. खालचा होज गरम लागला म्हणजे थर्मोस्टॅट (रेडिएटरकडची वाट उघडणारा वाल्व्ह) उघडला. मग बंद करा आणि पूर्ण थंड होऊ द्या. गरम इंजिनात गार पाणी ओतलं तर हेड वाकू शकतं. थंड झालं की सोडा, पुन्हा भरा. पाणी स्वच्छ निघेपर्यंत हेच. घाई नको, थंड व्हायला लागणारा वेळ हाच या कामाचा मोठा भाग आहे.

आता प्रमाण. हे नीट वाचा. फ्लशनंतर सोडलं तरी सगळं पाणी निघत नाही, ब्लॉकमध्ये आणि हीटरमध्ये राहतंच. समजा एकूण क्षमता १२ लिटर आहे (तुमचा खरा आकडा मॅन्युअलमध्ये बघा) आणि ८ लिटर निघालं. आत ४ लिटर साधं पाणी आहे. आता बाजारातलं तयार ५०-५० कूलंट ८ लिटर भरलंत तर ग्लायकॉल फक्त ४ लिटर, म्हणजे ३३ टक्के. कमी पडलं. म्हणून कॉन्सन्ट्रेट घ्या, आधी ते निखळ ६ लिटर भरा आणि मग जेवढं मावेल तेवढं डिस्टिल्ड. आत राहिलेलं पाणी हिशेबात धरलं की निम्मं-निम्मं होतं.

कूलंट रंग बघून घेऊ नका. गुलाबी रंगात दहा जातीचं मिळतं. डब्याच्या मागे फोक्सवॅगनचा (ऑडी त्यांचीच) मानक क्रमांक असतो. टीएल ७७४ जे म्हणजे जी१३, टीएल ७७४ एल म्हणजे नंतर आलेलं जी१२ ईव्हो, ते जुन्याच्या जागी चालतं. साधं हिरवं कूलंट यात मिसळलं तर गाळ धरू शकतो.

भरणं आणि हवा काढणं रात्री लिहितो, आता दुकानात गर्दी आहे.

धुळेकर_कॉम्प्रेसर (धुळे)

वाचून राहिलोय, थांबू नका दादा. मधे एक विचारतो. माझी मर्सिडीज सी२०० कॉम्प्रेसर आहे, १.८ चं चार सिलिंडर. हीपण सुपरचार्जरचीच. मलाही हे दोन फेरे आहेत का? लळिंग घाटात मलाही ओढ कमी वाटते.

डिझेलशेड (भुसावळ)

नाही भाऊ. तुमच्या एम२७१ इंजिनाला इंटरकूलर हवेवर थंड होणारा आहे, पुढे बसलेला. त्यामुळे तुमचं कूलंट फक्त इंजिनाचं, एकच फेरा, काम निम्म्याने सोपं. डब्यावर एमबी ३२५.० ची मान्यता बघून घ्या. पण तुमच्या घाटाच्या त्रासावर कूलंट बदलून फरक पडणार नाही. पुढचा बंपर उतरवून इंटरकूलरच्या पापुद्र्यांमध्ये बघा. आपल्याकडे जिनिंगच्या बाजूने हिवाळाभर गाडी फिरली की कापसाचे तंतू आणि धूळ मिळून तिथे नमदा बसतो. एसीचा कंडेन्सर, रेडिएटर, सगळं एकामागे एक असतं आणि मधल्या फटीत तो अडकतो, समोरून दिसतही नाही. ब्रश मारू नका, पापुद्रे मुडपतात. कमी दाबाचं पाणी इंजिनाच्या बाजूने पुढे मारा, म्हणजे आलेल्या वाटेनेच कचरा बाहेर जाईल.

तापीकाठ, हे तुम्हालाही लागू. तुमचा छोटा रेडिएटरही पुढेच आहे. बंपर निघालाच तर तेवढं उरकून घ्या.

डिझेलशेड (भुसावळ)

भरण्याचं.

उत्तम पद्धत निर्वाताची. कॉम्प्रेसरवर चालणारं एक साधन मिळतं, ते टाकीच्या तोंडावर बसतं आणि आतली हवा खेचून घेतं. काटा उणे ०.८ - ०.९ बारपर्यंत गेला की नळी बंद करा आणि १५-२० मिनिटं तसंच ठेवा. होज चपटे होतील, घाबरू नका. काटा जागेवर राहिला म्हणजे कुठेही गळती नाही. फ्लशचं अर्ध समाधान इथेच मिळतं. काटा उतरला तर आधी तो जोड शोधा. मग दुसरी नळी कूलंटच्या कॅनमध्ये बुडवून वाल्व्ह उघडा, पोकळी स्वतःच कूलंट ओढून घेते आणि हवा राहायला जागा उरत नाही. कॅनमधली नळी वर येऊ देऊ नका, नाहीतर हवाच ओढेल. निखळ कॉन्सन्ट्रेट आणि मग पाणी असं दोन कॅन शेजारी ठेवून एका दमात भरायचं असेल तर जोडीला माणूस हवा.

साधन नसेल तर ओतूनही होतं, फक्त वेळ जास्त. सुपरचार्जरवरचे स्क्रू सैल ठेवून टाकीतून सावकाश ओतत जा. स्क्रूतून आधी फस्स हवा येईल, मग फेस, मग बुडबुड्यांशिवाय सलग धार. धार सलग झाली की बंद. स्क्रूचं खालचं घर नाजूक असतं, हाताने बसवून मग हलका पीळ द्या.

दोन्ही पद्धतीत पुढची पायरी एकच. इलेक्ट्रिक पंप चालवून बघा. व्हीसीडीएस किंवा तसं स्कॅनर असेल तर आउटपुट टेस्टमध्ये इंटरकूलरचा पंप निवडून इंजिन बंद ठेवून चालवता येतो. पंपाचा आवाज ऐका. हवा असेल तर आवाज मोठा, घुर्र घुर्र येतो. कूलंट भरलेलं असेल तर जवळजवळ ऐकूच येत नाही, नुसता हात ठेवल्यावर थरथर जाणवते. पंप चालू असताना पुन्हा एकदा वरचे स्क्रू किंचित सैल करा. बहुतेक वेळा आणखी हवा निघते.

मग इंजिन चालू, हीटर हाय, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत. दोन्ही बाजूंच्या झरोक्यांतून सारखी गरम हवा यायला हवी. एका बाजूने गार आली तर हीटरमध्ये हवा आहे. दुसऱ्या सकाळी पातळी बघा, थोडी खाली येणारच, त्याच मिश्रणाने भरा.

शेवटची तपासणी गळतीची. या इंजिनात पाण्याचा पंप आणि थर्मोस्टॅट पुढच्या बाजूला, आणि काही नळ्या सुपरचार्जरच्या खाली. तिथली गळती जमिनीवर थेंब म्हणून दिसत नाही. व्हीच्या खोबणीत साचते, उष्णतेने वाळते आणि गुलाबी-पांढरा थर मागे ठेवते. टॉर्च मारून बघा. बोनेट उघडल्यावर गोडसर वास आला तरी समजा. आणि पातळी कमी होतेय, बाहेर कुठेच डाग नाही, सकाळी चालू करताना पांढरा धूर येतोय, असं असेल तर इंटरकूलर आतून फुटून कूलंट सिलिंडरकडे जात असू शकतं. तशी शंका आली तर गाडी चालवू नका. सिलिंडरमध्ये पाणी साचून इंजिन अडलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

केळीबाग (रावेर)

दादा, मले एक सांगा. निघालेलं जुनं कूलंट शेताच्या बांधावर ओतलं तर चालते का? तण तरी मरेल.

पशुवैद्य (शहादा)

कृपया नको. मी या धाग्यावर फक्त एवढ्यासाठी लिहितोय.

कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं. कुत्रं, वासरू, शेळी ते पाणी समजून पितात. पहिल्या काही तासांत जनावर झोकांड्या खातं, मग थोडं बरं वाटल्यासारखं होतं आणि मालक निर्धास्त होतो. त्याच काळात शरीरात त्याचं रूपांतर होऊन मूत्रपिंडात कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक बसत असतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लघवी बंद होते, मग आम्ही फार काही करू शकत नाही. उपाय आहे तो पहिल्या काही तासांतच. माणसाचंही तसंच आहे. साधारण १०० मिली म्हणजे अर्धा पेला मोठ्या माणसाच्याही जिवावर बेततो, लहान मुलाला त्याहून कितीतरी कमी पुरतं. कुणाच्या पोटात गेलं तर लक्षणांची वाट न बघता थेट मोठ्या दवाखान्यात न्या, कूलंटचा डबा सोबत न्या. उतारा असतो, पण तो वेळेत मिळायला हवा.

घमेल्यात साचलेलं कूलंट रात्रभर अंगणात उघडं ठेवू नका. गुराढोरांच्या, मुलांच्या घरात तर अजिबात नाही. पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नका. जुन्या कूलंटच्याच कॅनमध्ये भरा, वर मोठ्या अक्षरात 'विष' लिहा, कुलुपात ठेवा. बांध, विहीर, गटार, नाला, काहीच नको. अधिकृत घातक कचरा उचलणाऱ्याकडे माल देणारं मोठं वर्कशॉप असतं, त्यांना विचारून तिथे द्या. वापरलेल्या इंजिन ऑइलमध्ये मिसळू नका, मग ते ऑइलही कुणी घेत नाही.

केळीबाग (रावेर)

बरं झालं विचारलं डॉक्टर साहेब. गोठा शेडच्या शेजारीच आहे. ध्यानात ठेवतो.

कृषी_ताई (शिरपूर)

कूलंटचं प्रमाण मोजायला रिफ्रॅक्टोमीटर लागतो असं ऐकलंय. आमच्याकडे उसाची गोडी मोजायचा ब्रिक्समीटर आहे. तोही रिफ्रॅक्टोमीटरच. त्याने कूलंट मोजता येईल का? पुष्कळ ऊसवाल्यांकडे असतो म्हणून विचारते.

डिझेलशेड (भुसावळ)

ताई, फार उपयोगी प्रश्न. तत्त्व एकच आहे, प्रकाश किती वळतो ते बघणं. पण ब्रिक्सची पट्टी साखरेसाठी आखलेली असते, तिच्यावरचा आकडा म्हणजे ग्लायकॉलचे टक्के नव्हेत. तरी वापरता येईल. ज्या डब्यातलं कूलंट गाडीत भरलं त्याच डब्यातून वाटीभर ५०-५० मिश्रण स्वतः मोजून बनवा, आणि दुसरं ४०-६० चं, म्हणजे ४० कॉन्सन्ट्रेट. दोघांची ब्रिक्स रीडिंग लिहून ठेवा. मग गाडीतल्या टाकीतला थेंब ठेवा. त्याचं रीडिंग या दोघांच्या मध्ये आलं की काम झालं. नमुने एकाच तापमानाला असू द्या. कूलंटची जात बदलली तर नमुने नव्याने बनवा, जी१३ मध्ये ग्लिसरीनही असतं, त्याचं रीडिंग वेगळं येतं. आणि हो, काच दोनदा धुवा. उसाच्या रसाला तोच मीटर पुन्हा लागणार आहे, कुणी रस चाखेल.

जुना_चालक (अमळनेर)

वाचतोय. डिझेलशेड भाऊंनी रेल्वेचं सांगितलं ते मला ठाऊक नव्हतं. माझ्या मुलाच्या गाडीत नळाचं पाणीच आहे, मी स्वतः घालायला सांगितलं होतं. ती ॲल्युमिनियमचीच असणार. या आठवड्यात काढून टाकायला लावतो.

तापीकाठ (जळगाव)

काम झालं. सविस्तर लिहितो, पुढच्याला उपयोग होईल.

मुख्य रेडिएटरमधून भरपूर तपकिरी पाणी निघालं, तळाला बारीक गाळ. पण खरा धडा दुसऱ्या फेऱ्यात. छोट्या रेडिएटरचा होज सोडवला तर अगदी थोडं निघालं, आणि सुपरचार्जरवरचा स्क्रू सैल केला तेव्हा नुसती हवा. म्हणजे दादांनी म्हटलं तसं इंटरकूलरचा वरचा भाग कोरडाच होता. इतके दिवस पंप बुडबुडा फिरवत होता. होजच्या आतून पांढरे पापुद्रे निघाले, कुणीतरी बोअरचं पाणी घातलेलं असणार.

धुताना पांढरे कण बराच वेळ येत राहिले. पाणी स्वच्छ झालं तरी मी आणखी एकदा धुतलं, कारण पहिल्या वेळी मागचा हीटर उघडा राहिला नव्हता आणि तो उघडल्यावर पुन्हा तपकिरी आलं. क्यू७ वाल्यांनी मागच्या एसीचं बटण विसरू नये.

भरायला ओळखीच्या वर्कशॉपमधून निर्वाताचं साधन आणलं. काटा उणे ०.८५ वर स्थिर राहिला, तेवढ्याने जीव भांड्यात पडला. कॉन्सन्ट्रेट आधी, डिस्टिल्ड नंतर. घरात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की शेडमध्ये कुणी यायचं नाही, आणि घमेलं लगेच कॅनमध्ये रिकामं केलं. बेल्टवर काही सांडलं नाही. स्कॅनरने पंप चालवल्यावर पहिल्यांदा मोठा आवाज आला, स्क्रू उघडल्यावर फेस, मग धार, मग आवाज एकदम बसला. तो फरक कानाने इतका स्पष्ट कळतो की पुन्हा कुणाला सांगावं लागणार नाही.

बंपर काढला होता म्हणून पुढचे रेडिएटरही आतून बाहेर धुतले. कापूस निघाला, ओंजळभर.

काल दुपारी मुद्दाम कन्नड घाट चढून आलो. बाहेर ३८ अंश. वर पोचताना इनटेक हवा ५८ आणि माथ्यावर सपाटीला लागताच झपाझप खाली. ओढ शेवटच्या वळणापर्यंत सारखी. आज सकाळी टाकी बघितली, बोटभर उतरली होती, मिश्रणाने भरली.

गिरणाकाठ (चाळीसगाव)

बेस काम व्हयनं भो. ५८ म्हणजे बाहेरच्यापेक्षा २० वर, घाटात एवढं चालेल. मे मध्ये ४५ ला पुन्हा बघून इथे टाका.

डिझेलशेड (भुसावळ)

छान केलंत. आता पुढचे काही आठवडे पातळीवर लक्ष ठेवा. क्षार निघाल्यावर कधीकधी आधी झाकलं गेलेलं बारीक भोक उघडं पडतं. आठवड्याने व्हीच्या खोबणीत पुन्हा टॉर्च मारा. टाकीचं झाकण जुनं असेल तर तेही बदला. ते दाब धरत नसेल तर उत्कलनबिंदूचं आपलं सगळं गणित बिघडतं.

कृषी_ताई (शिरपूर)

मी ४० आणि ५० चे नमुने बनवून बघितले, ब्रिक्समीटरवर फरक ठळक दिसतो. तापीकाठ दादा, तुमच्या टाकीतलं चमचाभर बाटलीत घालून पाठवा, सोबत त्याच डब्यातलं निखळ कॉन्सन्ट्रेटही. गुरुवारी मी जळगावला येणार आहे, तेव्हा घेऊन जाईन. बाटलीवर 'विष' लिहा.

तापीकाठ (जळगाव)

लिहिलंय ताई, लाल रंगात. गुरुवारी बाजार समितीच्या गेटवर भेटतो.